गुरू, तालीम आणि थांबलेली वाटचाल



हीरक महोत्सवाच्या प्रसंगी गुरुजनांचे ऋण आठवणे स्वाभाविकच आहे. परंतु गुरुशिष्य-नात्यातील एक अवघड प्रश्न अशा वेळी सहसा कोणी काढत नाही. कुस्ती, ज्युदो किंवा कराटे शिकणारे मूल चार-पाच वर्षांच्या मेहनतीनंतर घरी येऊन म्हणते, "आता पुढे काही शिकायला मिळत नाही. सोडून द्यावेसे वाटते." पालकांनी काय उत्तर द्यावे? मोठ्या शहरात दुसरी तालीम सापडते. म्हैसूर जिल्ह्यातील सरगूरसारख्या लहान गावात मात्र दुसरा गुरू शोधायचा तर बहुधा म्हैसूरचीच वाट धरावी लागते. तेथे निर्णय चुकला, तर गुरूबरोबर विद्याही सुटते.

म्हैसूरची गरडी असो वा कोल्हापूरची तालीम, दोन्ही राजाश्रयाने वाढल्या आणि दोन्हीकडे पहिला धडा धीराचाच आहे. जोर, बैठका, माती उकरणे, तोच डाव पुन्हा पुन्हा. अंगात विद्या मुरत असते तेव्हा ती दिसत नाही. म्हणून प्रगती थांबल्यासारखी वाटणे हा नेहमीच गुरूचा दोष नसतो.

परंतु कधी कधी मर्यादा खरीच असते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी 1926 साली जन्मलेल्या खाशाबा जाधवांचे उदाहरण येथे बोलके आहे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पुढे बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन लाभले. 1948 साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. तेथे माती नव्हती, गादी होती, आणि नियमही वेगळे होते. फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

त्यांचे बळ कमी नव्हते आणि वस्तादांची विद्याही खोटी नव्हती. मैदानच बदलले होते. रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाकडून त्यांनी गादीवरील कुस्तीची रीत जाणून घेतली. मात्र त्यासाठी मातीशी नाते तोडले नाही. तालमीत कमावलेली चपळाई आणि डाव त्यांनी नव्या नियमांत बसवले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसा उभा करताना राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आपल्या अंगणापलीकडे शिष्याला पाठवण्यासाठी घर गहाण ठेवणारा गुरू आणि शिष्य दुसरीकडे गेला म्हणून रुसणारा गुरू, यांतील अंतर पालकांनी ओळखावे.

जपानमध्ये ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनीही एका गुरूच्या निधनानंतर दुसऱ्याकडे आणि पुढे वेगळ्या परंपरेतील तिसऱ्याकडे विद्या घेतली. तिन्ही गुरूंचे देणे एकत्र करून 1882 साली त्यांनी कोडोकान स्थापन केले. आपल्याकडे तर अवधूताने चोवीस गुरू केल्याची कथा घरोघरी ठाऊक आहे. दुसरा गुरू करणे म्हणजे पहिल्याचा द्रोह नव्हे.

म्हणून घाईने निर्णय घेण्यापूर्वी काही प्रश्न शांतपणे विचारावेत. गुरू अजून चुका दाखवतात का? शंका विचारली तर उत्तर मिळते का? दुसऱ्या तालमीतील मुलांशी खेळू देतात का? आणि शिष्याची स्वतःची मेहनत पूर्वीइतकीच प्रामाणिक आहे का? उत्तरे होकारार्थी असतील तर आणखी काही काळ थांबावे. नकारार्थी असतील तर प्रथम गुरूंशीच मोकळेपणाने बोलावे. पुष्कळदा पुढचा रस्ता तेच दाखवतात. मात्र जेथे अपमान, मारहाण किंवा भीती आहे, तेथे थांबण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथून मुलाला त्याच दिवशी घरी आणावे.

एरवी जायचेच ठरले, तर न सांगता जाऊ नये. वाकून नमस्कार करावा, कारण सांगावे आणि मिळालेली विद्या बरोबर न्यावी. शाळासुद्धा आपल्या मुलांना कायमचे धरून ठेवत नाही. दहावीनंतर ती त्यांना निरोप देते, आणि साठ वर्षांनीही ती मुले परत येतात.