रंजक्याची परीक्षा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



रंजक्याची स्पर्धा सुरू होण्यापूर्वी मी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. ऐकून मला हसूच आले. सेवाग्रामच्या आश्रमात अकरा व्रतांपैकी अस्वाद हे एक व्रत होते, आणि त्याच वर्धा जिल्ह्यात, आपल्या नाचणगावात, मी जिभेच्या चोचल्यांवर बोलायला उभी आहे! पण गेल्या वर्षी परीक्षक म्हणून माझ्या हातून एका भगिनीवर अन्याय झाला. तो चारचौघींत झाला, म्हणून चारचौघींतच सांगते.

रंजका आपल्याला नवा नाही. ठेचा सकाळी केला की संध्याकाळपर्यंत संपतो. रंजका मात्र थंडीत ओल्या लाल मिरच्या बाजारात आल्या की वर्षभराचा घालायचा. मिरच्या धुऊन, पुसून, सावलीत कोरड्या करायच्या, मगच देठ काढायचे. देठ आधी काढले की पाणी आत शिरते आणि बरणीला बुरशी धरते. मग मीठ, लसूण, थोडी भाजलेली मेथी आणि लिंबाचा रस. किलोभर मिरच्यांना मी दीडशे ग्रॅम मीठ घेते. आमच्या सासूबाई हाताच्या अंदाजाने घालीत आणि त्यांचा रंजका माझ्यापेक्षा चांगला होई, हेही कबूल केले पाहिजे.

तर गेल्या वर्षी नऊ बरण्या आल्या होत्या. नावे झाकून आकडे लावले होते, म्हणजे न्याय होणारच, अशी माझी समजूत. मी एकीपासून ओळीने चाखत गेले. चौथ्या बरणीने डोळ्यांतून पाणी काढले. दोन घोट पाणी प्यायले, साखरेचा दाणा तोंडात टाकला आणि लगेच पाचवी चाखली. ती मला अगदी मिळमिळीत लागली. दहांपैकी तीन गुण दिले. तेवढ्यावर थांबले असते तरी बरे, पण मी मोठ्याने म्हणाले, "ह्यात काही दम नाही." सगळ्या हसल्या.

ती बरणी ज्या भगिनीची होती, तिला पुलगावच्या बाजारात रंजका विकायला बसायचे होते. मंडळाचे बक्षीस मिळाले तर चार गिऱ्हाइके विश्वासाने घेतील, एवढीच तिची आशा. तिने वीस बरण्यांचे सामान उधारीवर आणले होते, हे मला मागाहून कळले.

आठ दिवसांनी उरलेल्या बरण्यांतली पाचवी मी घरी ज्वारीच्या भाकरीशी, वर कच्चे तेल घालून खाल्ली. आणि घास हातातच राहिला. आधी लिंबाचा आंबटपणा, मग लसूण, आणि तिखट सावकाश घशाशी येऊन थांबणारे. नवांत ती सरस होती. मी तशीच उठून तिच्या घरी गेले. ती म्हणाली, "बाई, तुमच्या जिभेवर चौथीच बसली होती. माझीला जागा कुठे होती?" रागावली नव्हती. पण सामान तिने नातेवाइकांत वाटून टाकले होते.

मग मी ह्याविषयी वाचले. तिखट ही जिभेची चव नव्हेच, ती आग आहे. मिरचीतले द्रव्य जिथे लागते, तिथेच कढत पदार्थाचा चटका लागतो. हे शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या आयुर्वेदाने मात्र तिखटाला षड्रसांत बसवले आहे, आणि गंमत अशी की तिथे कटु म्हणजे तिखट व तिक्त म्हणजे कडू; आपण मराठीत कटू म्हणजे कडू करून बसलो! ते द्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून माझे दोन घोट फुकट गेले. दूध किंवा ताक घेतले असते तर त्यातल्या प्रथिनाने ते धुऊन नेले असते. आणखी एक: तिखट बियांत असते असे आपण म्हणतो, पण ते असते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरेत.

1912 साली विल्बर स्कोव्हिल ह्या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात वाढवत वाढवत न्यायचा आणि पाच चाखणाऱ्यांपैकी बहुतेकांना तिखट लागेनासे झाले की थांबायचे, अशी रीत काढली. जितके पाणी जास्त, तितकी मिरची जहाल. ईशान्येकडची भूत जोलोकिया 2007 साली ह्याच मापाने दहा लाखांच्या वर गेली. पण त्या रीतीची खोड तीच, जी माझी झाली: जीभ थकते. म्हणून आता ते मोजमाप यंत्राने करतात. यंत्राला आग मोजता येते. लसूण कच्चा राहिला की नाही, हे आपल्यालाच सांगावे लागते.

तेव्हा यंदा आपण असे करू. तिन्ही परीक्षकांनी वेगवेगळ्या क्रमाने बरण्या चाखाव्यात, म्हणजे जहाल बरणीनंतर दर वेळी तीच बिचारी येणार नाही. आधी झाकण उघडून पाहावे. बुरशीचा ठिपका असेल तर वरचा थर काढून चाखू नये, ती बरणी सरळ बाजूला ठेवावी, मग ती कोणाचीही असो. नंतर वास. मग कोऱ्या भाकरीवर मुगाएवढा रंजका, दोन घोट ताक, आणि पाच मिनिटे गप्प. तिखटाला दहांत तीनच गुण. बाकीचे मीठ, आंबटपणा, लसूण आणि वाटण ह्यांना. आणि निकालापर्यंत परीक्षकांनी तोंड उघडायचे ते फक्त घासासाठी. हा नियम माझ्यासाठीच केला आहे, असे समजा.

त्या भगिनीने यंदाही बरणी दिली आहे, एवढे चिटणीसबाईंनी मला सांगितले. कितवी, ते मी विचारले नाही. मी परीक्षकांत नाही. ताक मी घरून आणले आहे, त्यात मीठ घातलेले नाही.