प्लॉट घेण्याआधी उतार मोजा



भूगोलाच्या तासाला कंटाळत काढलेल्या समोच्चरेषांवरच पुढे माझं पोट भरलं, म्हणून दोन शब्द दरडींबद्दल.

30 जुलै 2014 ला शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. तेव्हापासून सगळे विचारतात, नकाशात आमची जागा धोक्याची आहे का? भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा दरडींचा देशव्यापी नकाशा 1:50,000 प्रमाणाचा. त्यावर 1 सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे 500 मीटर. वाडी दोन-चार मिलिमीटरांत मावते, प्लॉट दिसणारच नाही. 2023 मध्ये गाडली गेलेली इर्शाळवाडी तर धोक्याच्या यादीतही नव्हती.

आपलं पिंपळवंडी तसं सपाटीवर. पण आपल्यातले बरेच जण पुण्याच्या कडेला टेकडीच्या उतारावर घर बघताहेत. पाच फुटांना एक फूट, याहून जास्त चढावर बांधकामाला राज्याच्या नियमांत मनाई आहे. एजंट हे सांगत नाही. तो 'व्ह्यू' दाखवतो! तुम्ही वरच्या अंगाला डोंगर कापलाय का, ओढा बुजवलाय का, ते पावसाळ्यात जाऊन बघा. चढ मोजायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. कशी धरायची ते जेवणानंतर दाखवतो, नळी गाडीतच आहे.