जीर्णोद्धारानंतरचे काम : जिव्हाळा

(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



मंदिराचा जीर्णोद्धार झाला ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. परंतु बांधकाम पुरे झाले की मंडळाची खरी परीक्षा सुरू होते. काम चालू असताना सर्वजण धावून येतात. कळस चढला की बैठकीला येणारी माणसे कमी होऊ लागतात. कोणाचे नाव फलकावर राहून जाते, कोणाला पंगतीचे बोलावणे पोचत नाही, आणि कालचा सभासद आज रुसून घरी बसतो. नोंदवहीत नाव असते, पण माणूस नसतो.

यावरचा उपाय मुक्ताईनगरकरांना दूर शोधावयास नको. लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानेश्वर महाराज ताटी लावून बसले, तेव्हा धाकट्या मुक्ताबाईंनी दाराशी जाऊन त्यांची समजूत घातली, अशी परंपरा आहे. त्यांचे ताटीचे अभंग प्रसिद्धच आहेत. वयाने लहान असूनही त्यांनी मानपान पाहिला नाही.

मुक्ताईंची पालखी दरवर्षी आषाढीसाठी बुलढाणा, जालना, बीड या जिल्ह्यांतून पंढरपूरला जाते. बीडला आजोबा गोविंदपंतांच्या समाधीची भेट होते. या सोहळ्यातही नात्याची आठवण ठेवलेली आहे. भिशी भरून मनुष्य दिंडीत दाखल होतो. पण महिनाभर बरोबर चालल्याने, एका पंगतीत जेवल्याने, आजारी पडलेल्याला हात दिल्याने तो दिंडीचा होतो.

आळंदीच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी शिस्त लावली. तेथे मुक्कामी समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात व सर्व टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. मग चोपदार तिच्याजवळ जाऊन गाऱ्हाणे ऐकून घेतात. तक्रार मनात साठू न देण्याची ही किती सुंदर रीत आहे!

मंडळानेही हेच करावे. देणगीची पावती शक्यतो घरी जाऊन द्यावी आणि दोन शब्द बोलून यावे. हिशोब वर्षातून एकदा सर्वांसमोर वाचावा. सप्ताहात वीण्याच्या पहाऱ्याला एक जुना व एक नवा सभासद जोडीने नेमावा. कोणी दोन एकादशींना भजनात दिसला नाही, तर दोघांनी त्याच्या घरी जावे. शेतीची अडचण असेल, दुखणे असेल, रागही असेल. विचारल्याशिवाय ते कळत नाही. नोकरीनिमित्त बाहेरगावी असलेल्यांना सणासुदीला पत्र वा फोन करावा, आणि तोही केवळ वर्गणीसाठी नसावा.

माणसे दुरावली तर नव्या मंदिरातही दिवा लावणारा शोधावा लागेल. ती वेळ न यावी, एवढीच मुक्ताईचरणी प्रार्थना.

रामकृष्ण हरी!