एकास सत्याऐंशी



‘सॉफ्टवेअरमधली आहे, चार शब्द बोलेल’ म्हणून तुम्ही मला उभं केलंत. पण मी बोलणार आहे ते खेळण्यातल्या आगगाडीबद्दल. हसा, आमच्या घरातही हसतात.

कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. मुलीला दाखवायला नेलं आणि मीच तिथून हलेना. घरी आतल्या खोलीत एक फळी टाकली, रूळ आणले. त्यापलीकडे विशेष काही घडलं नसतं.

मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. मी पुण्यात, आई रेवदंड्याला, वर लॉकडाऊन. फोन लागेपर्यंतचे दिवस तुमच्यापैकी अनेकांनी तसेच काढलेत. घर उभं होतं, कौलं उडाली होती. आजोबांनी लावलेली वाडी मात्र आडवी झाली होती. त्या फळीवर वाडीच करायची, हे तेव्हा ठरलं. मागून गाडी जाईल. खऱ्या रेवदंड्यात गाडी कुठली? आपल्याला रोह्याला जावं लागायचं.

माझं प्रमाण एकास सत्याऐंशी. म्हणजे पंधरा मीटरचा माड साधारण सतरा सेंटिमीटरचा. खोडाला तार, झावळ्यांना कातरलेला कागद. पहिली वाडी झाली आणि ती रिसॉर्टच्या जाहिरातीसारखी दिसायला लागली! सगळं नवंकोरं. आपल्याकडे चार पावसाळे न खाल्लेली भिंत असते का?

मग जुनं करायला शिकले. जांभ्याचा गडगा आधी विटकरी रंगवायचा, वाळला की पाण्यात पातळ केलेला काळा रंग फिरवायचा आणि फडक्याने वरून खाली टिपायचा. खाचांत काळं राहतं. मग पायथ्याशी शेवाळ, स्पंजच्या तुकड्याने, तेही पाणी साचतं तिथेच. आपले चित्रकलेचे सर म्हणायचे, आधी बघा, मग रंगवा. सर, पंचवीस वर्षं उशिरा ऐकलं.

किनाऱ्यासाठी आपलीच वाळू नेली. ती धुवून घ्यावी लागते, नाहीतर मीठ वर येतं. आणि लोहचुंबक फिरवावं लागतं, कारण आपल्या काळ्या वाळूतले कण इंजिनाच्या मोटरला चिकटतात. हे मला इंजिन बंद पडल्यावर कळलं. खडी मात्र काळ्या दगडाचीच, चाळून घेतलेली. ती पसरून पातळ फेव्हिकॉल सोडायचा, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. नाहीतर गोंद खडीवर मण्यासारखा बसून राहतो.

झाडं कुठे होती, हे आईला विचारत गेले. ती फोनवर डोळे मिटून सांगायची. विहिरीपासून तिसरी पोफळ, मग फणस, मग जायफळ. मी टाचण्या टोचत जायचे. दोनदा आमचं भांडणही झालं. मला आठवत होता तो आंबा शेजाऱ्यांचा निघाला.

गेल्या दिवाळीत ती पुण्याला आली. चष्मा लावून बराच वेळ बघत होती. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, “सगळं उभंच का ठेवलंस? रहाटाजवळचा माड पडलाय तसा दाखव. त्याचा ओंडका मी अजून बसायला ठेवलाय.”

मी तो माड काढून आडवा ठेवला. चिकटवलेला नाही अजून, नुसता ठेवलाय.