बेंद्र्यांचे ठिपके आणि आमची रेघ

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)

आरती झाली आहे, खिरापत मात्र भाषणानंतर आहे. कार्यकारिणीचं हे धोरण आम्हाला फार आवडलं. त्याशिवाय आमच्यासारख्यांना इतका श्रोतृवर्ग मिळाला नसता.

आधी 'आम्ही' म्हणजे कोण ते सांगायला हवं. हा 'आम्ही' संस्थानी थाटाचा नाही. रविवारी सकाळी पाठीला ड्रॉइंग बोर्ड लावून बाहेर पडणारे आम्ही पाच जण. आत्ता बोलतोय तो सरकारी खात्यातला उपयंत्री, पॉलिटेक्निकचा डिप्लोमावाला. एक बँकेतले आहेत, एक शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई, एकांचं औषधांचं दुकान आहे. आणि सगळ्यांत ज्येष्ठ आमचे काका, वय ७४. चित्रकलेचं रीतसर शिक्षण पाचांपैकी कुणाचंही झालेलं नाही. भाषण पाचांनी मिळून लिहिलंय, वाचायचं काम सर्वानुमते उपयंत्र्यावर ढकललं गेलं.

तुम्हाला आठवत असेल, दरवर्षी याच हॉलमध्ये उजव्या भिंतीवर आमची चित्रं लागतात. राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, महेश्वरचा घाट. पुन्हा राजवाडा. गेल्या वर्षी एक मावशी चित्रांसमोर बराच वेळ थांबल्या. आम्हाला वाटलं, एखादं विकत घेतात की काय. त्यांनी चष्मा वर केला आणि अगदी प्रेमानं विचारलं, "हे मागच्या वर्षीचंच ना रे?"

ते मागच्या वर्षीचं नव्हतं. त्याच वर्षी, मे महिन्याच्या उन्हात तीन रविवार बसून काढलेलं होतं. पण घरी जाऊन आम्ही जुनी चित्रं काढून शेजारी मांडली, आणि मावशींचं काही चुकलं नव्हतं हे कबूल करावं लागलं. घुमटावरची सावली त्याच ठिकाणी होती. पाण्यातलं प्रतिबिंब त्याच चार फटकाऱ्यांत. समोर काय आहे ते बघण्याचं आम्ही कधी बंद केलं, ते आम्हालाच कळलं नव्हतं. हात चालत होता, एवढंच.

त्या रागात, किंवा लाजेत म्हणा, आम्ही वर्षभर एका माणसाची चित्रं बघायची ठरवली: नारायण श्रीधर बेंद्रे. बेंद्रे म्हटलं की बऱ्याच जणांना धारवाडचे कवी द. रा. बेंद्रे आठवतात. त्यांचंही घर मराठीच, पण ते वेगळे. हे बेंद्रे आपले, इंदूरचे. जन्म २१ ऑगस्ट १९१०, इथलाच.

होळकरांच्या राज्यात १९२७ साली दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी इथे चित्रकलेची शाळा सुरू केली. बेंद्रे तिथले विद्यार्थी. पुढे त्याच मास्तरांच्या हाताखालून दे. ज. जोशी गेले, विष्णू चिंचाळकर गेले. चिंचाळकर गुरुजी तर तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलेत. वाळक्या फांदीत आणि झाडाच्या सालीत पक्षी शोधणारा तो माणूस. तो भाषणाचा वेगळा विषय आहे, पुढच्या वर्षी बोलावलंत तर बोलू. देवळालीकरांच्या शाळेची ओळख होती ऊन, आणि कॅनव्हासवर न घोटता ठेवलेला रंग. बेंद्रे आग्रा विद्यापीठाचे बी.ए. झाले १९३३ साली, लगेच १९३४ साली मुंबईची जी. डी. आर्ट. हुसेन तेव्हा इंदुरातच मुलगा होता, रस्त्याकडेला चित्र काढत बसायचा. त्याला चित्रकार होऊ द्या, असं त्याच्या वडिलांना घरी जाऊन सांगणारे बेंद्रेच, हे स्वतः हुसेन यांनीच सांगून ठेवलंय.

मग बेंद्रे काश्मीरला गेले, तिथे प्रवाशांसाठी असलेल्या व्हिजिटर्स ब्यूरोत चित्रकार-पत्रकार म्हणून, १९३६ ते १९३९. म्हणजे एका अर्थी आमच्यासारखीच नोकरी. फरक इतकाच, की आमच्या खात्यात निसर्गचित्र काढलं तर कारणे दाखवा नोटीस येईल. १९४१ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. वय एकतीस, नाव झालेलं, निसर्गचित्रांना मागणी. इथे थांबले असते तर? आम्ही पाचांनी प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं, आपण काय केलं असतं? जन्मभर काश्मीरचं तळं काढलं असतं, आणि दर दिवाळीला कॅलेंडरवाला घरी आला असता.

ते १९४५ मध्ये शांतिनिकेतनला राहायला गेले. तिथे नंदलाल बोस, रामकिंकर. तिथली हवा मुंबईच्या तैलचित्रांपेक्षा पार निराळी. दोनच वर्षांनी अमेरिका. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं प्रदर्शन झालं. आणि १९५० साली बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा सुरू झाली, तिथे चित्रकला विभाग त्यांच्या हाती आला.

बडोद्याबद्दल जरा जास्त बोलायचंय. गेल्या डिसेंबरात आमच्यातल्या एकाच्या भाच्याचं लग्न तिथे होतं. सीमांतपूजन आणि मुहूर्त यांच्यामधल्या वेळात आम्ही सटकलो आणि पुष्पबागेत जाऊन आलो, ललित कला शाखा जिथे आहे तिथे. वऱ्हाडी कपड्यात. झाडाखाली मुलं बसली होती, कुणी दगड फोडत होतं, कुणी नुसतंच आभाळाकडे बघत होतं. आम्हाला कुणी हटकलं नाही. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम मोहम्मद शेख हे सगळे या शाखेतून बाहेर पडलेले. यातल्या एकाचंही चित्र दुसऱ्यासारखं दिसत नाही, आणि बेंद्र्यांसारखं तर नाहीच. शिक्षकाची सही विद्यार्थ्यांच्या कागदावर उमटलेली नाही. गणिताच्या बाई हे बघून म्हणाल्या, "आमच्या शाळेत छत्तीस वह्यांत एकच उत्तर हवं असतं. हे कसं जमवलं असेल या गृहस्थांनी?" आमच्यापाशी उत्तर नव्हतं. तोवर मुहूर्ताचा फोन आला.

पण एक अंदाज आहे. शिक्षक स्वतःच वर्गात शिकत होता. बडोद्याला बेंद्र्यांनी वस्तू कोनाकोनांत मोडून बघितल्या. त्याला क्युबिझम म्हणतात. १९५५ सालचं त्यांचं 'काटा' हे चित्र घ्या. एका बाईच्या पायात काटा गेलाय, दुसरी तो काढतेय. आपल्याकडे हजार वेळा पाहिलेला प्रसंग. त्यात लुगड्याची चुणी नाही, घामाचा थेंब नाही. सपाट, धारदार तुकडे आहेत, आणि सगळे तुकडे त्या पायाकडे वळलेले. हेच चित्र १९४० च्या हातानं काढलं असतं तर गोड झालं असतं. इथे काटा टोचतो. त्या वर्षी त्याला ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

झालं, आता तरी थांबावं की नाही? नाही. पुढच्या काही वर्षांत बाई गेली, पाय गेला, काटाही गेला, उरला नुसता रंग. अमूर्त चित्रं. ती आम्हाला फारशी कळली नाहीत, हे इथे सांगून टाकलेलं बरं. औषधवाले म्हणतात की कळली. आम्ही बाकीचे चौघे त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही.

१९६६ साली बेंद्र्यांनी नोकरी सोडली. वय ५५-५६. अधिष्ठाता झालेला माणूस. आमच्याकडे निवृत्ती ६२ ला आहे, आणि पंचेचाळिशीतच आम्ही पेन्शनचा हिशेब कागदाच्या पाठीवर करत बसतो, म्हणून हा आकडा आम्हाला फार लागला. ते मुंबईला गेले आणि तिथे हळूहळू त्यांनी जे सुरू केलं, ते आमच्या आजच्या भाषणाचं खरं कारण आहे.

ठिपके.

पाणी भरणाऱ्या बाया, गप्पा मारणाऱ्या बाया, आई आणि मूल, झाडं, गुरं. बाई परत आली, पण रेघ गेली. शुद्ध रंगाचे बारीक ठिपके एकमेकांशेजारी. लाल ठिपक्यांशेजारी पिवळे ठेवले की लांबून केशरी दिसतं. पॅलेटवर कालवलेला केशरी आणि हा केशरी यांत फरक आहे. कालवलेला बसून राहतो, हा हलतो. युरोपात सराने हे १८८० च्या दशकात केलं होतं, तेव्हा युक्ती नवी नव्हे. पण पाहा, इंदूरच्या शाळेत रंग न घोटता शेजारी शेजारी ठेवायला शिकलेला मुलगा साठीला पोचल्यावर पुन्हा त्याच गोष्टीकडे वळला, आणि या वेळी घाई सोडून. उघड्यावर काढायच्या निसर्गचित्राला दोन तास मिळतात, मग ऊन सरकतं. ठिपक्यांचं चित्र दोन तासांत होत नाही. आम्ही करून पाहिलंय. पिपलियापाल्याच्या तळ्याकाठी चार तासांत एक वीत पाणी झालं आणि डासांनी पाचांना फोडून काढलं. ते घरात बसून, मनात साठवलेलं काढायचं काम आहे. बेंद्रे ते करत राहिले. १९९२ च्या फेब्रुवारीत ते गेले, पद्मभूषण त्याच वर्षीचं.

ठिपके आणि उपयंत्री यांचं नातं जुनं आहे. पॉलिटेक्निकमध्ये पायाचा छेद काढताना वाळूचा थर ठिपक्यांनी दाखवावा लागे. शाईचं पेन, ट्रेसिंग पेपर, आणि रात्री दोनपर्यंत टिप-टिप-टिप. फार दाट झाले तर सर कागद परत द्यायचे. आता संगणकावर एक बटण दाबलं की सगळा थर भरून येतो, आणि एकही ठिपका कुणी ठेवलेला नसतो. तेव्हा शिव्या घातलेलं ते काम आता आठवतं. कारण तेव्हा बोटाला कळायचं, वाळू कुठे संपते.

या वर्षात आमच्यात काय बदललं? थोडंच. बँकवाले काका राजवाडा सोडायला अजून तयार नाहीत, तो त्यांचा हक्क आहे. बाई फळ्यावर पुसूनही उरलेले खडूचे डाग काढतात. आणि उपयंत्री कामाच्या जागेवर, जेवणाच्या सुट्टीत, मेट्रोच्या खांबांचे सळ्यांचे पिंजरे काढतो, आणि झाबुव्याकडून आलेल्या, डोक्यावर तगारी घेऊन ओळीनं चढणाऱ्या बाया. वीस वर्षं त्या रोज समोर होत्या. आम्ही त्यांची फक्त हजेरी मोजत होतो. चित्रं डायरीच्या मागच्या पानांवर असतात, मेजरमेंट बुकात नाहीत, हे लेखापरीक्षणवाल्या कुणी ऐकत असेल तर नोंदवून घ्यावं.

आता काकांबद्दल. त्यांची परवानगी घेतलीय.

आमच्या पाचांत रेघ होती ती काकांचीच. छत्रीची कमान ते एका दमात काढायचे, पेन्सिल न उचलता. दीड वर्षापूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी त्यांनी लपवलं, चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले. मग रविवारी यायचे थांबले. घरी गेलो तर म्हणाले, गुडघे दुखतात. बोर्ड कपाटामागे ठेवलेला दिसला, उलटा.

बेंद्र्यांचं पुस्तक घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. काही सुचवायचं असं ठरवलं नव्हतं, ठरवलं असतं तर धीर झाला नसता. बाईंनीच म्हटलं, "काका, ब्रश टेकवायचा आणि उचलायचा. मध्ये हात चालवायचाच नाही."

काका भडकले. "अरे, मला काय बालवाडीत बसवताय? रांगोळीचे ठिपके घालू आता?" आम्ही गप्प बसलो. काकूंनी पोहे आणले, ते खाल्ले आणि निघालो. पुस्तक मुद्दामच विसरलो.

पाच-सहा आठवडे काहीच कळलं नाही. मग काकूंचा फोन आला, की हे पहाटे पाचला उठून खिडकीत बसतात आणि मनगटाखाली माझी उशी घेतात, तुम्ही यांना काय शिकवलंत? आम्ही काही शिकवलं नव्हतं. खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते, प्लास्टिकची, काळी, आणि तिच्यावर झुकलेली बोगनवेल. तेच काढतायत. तीन महिने झाले. हात कधी कधी ठरल्या जागी पडत नाही. काका म्हणतात, पडला तिथे ठेवतो, मग शेजारी कोणता रंग हवा ते बघतो. कधी संबंध सकाळ एका ठिपक्याचा रंग ठरवण्यात जाते. टाकी काळी आहे, पण त्यांनी काळा ठिपका एकही ठेवलेला नाही. निळा, जांभळा, गर्द हिरवा, आणि उन्हाकडच्या कडेला चक्क गुलाबी.

निम्मा कागद अजून कोरा आहे. अपुरं चित्र भिंतीवर लावायचं का, यावर कार्यकारिणीत थोडी चर्चा झाली असं ऐकतो. लावू दिलंत, आभार. ते उजव्या भिंतीवर दारापासून तिसरं आहे. आधी जवळ जाऊ नका, मधल्या पंख्याखाली उभं राहून पाहा, मग पुढे व्हा. मावशी, तुम्ही आलेल्या दिसता आहात, तुम्ही तर जरूर पाहा. काका पहिल्या रांगेत बसलेत. बोगनवेलीच्या वरच्या फांदीला कोणता रंग द्यावा हे त्यांचं अजून ठरायचंय, खिरापतीच्या रांगेत त्यांना गाठून तुमचं मत सांगा. ते ऐकतीलच असं नाही.