आधी झाडं दाखवा



मे महिना आला की पोंभुर्ण्याच्या आजूबाजूच्या गावांत तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे पानांच्या खरेदीचं केंद्र, लागते. पहाटे जंगलात गेलेल्या बाया दुपारी घरी येऊन पानं जुळवतात, पुडे बांधतात. एका पुड्यात 70 पानं. संध्याकाळी फळीवर पुडे रांगेनं मांडले जातात. मुन्शी मोजतो आणि बाईही त्याच्यासोबत मनात मोजत असते. आकडा चुकला तर ती तिथल्या तिथं बोलते.

आज मी ज्या कंपनीबद्दल सांगणार आहे, तिच्या मालाची अशी मोजणी ग्राहकांनी कधी केलीच नाही.

कंपनीचं नाव पी अँड आर. जर्मनीत म्युनिक शहराजवळ ग्रुनवाल्ड इथं 1975 साली ती सुरू झाली. धंदा कंटेनरचा. चंद्रपूर-नागपूर रस्त्यावर ट्रेलरवर लादलेल्या लोखंडी पेट्या आपण पाहतो, तेच हे कंटेनर. जहाज कंपन्या सगळे कंटेनर स्वतः विकत घेत नाहीत. जगातले जवळपास निम्मे भाड्याचे असतात. पी अँड आर हे कंटेनर साध्या माणसांना विकायची, त्यांच्याच वतीनं ते भाड्यानं लावायची, ठरलेलं भाडं मालकाला द्यायची आणि काही वर्षांनी कंटेनर परत विकत घ्यायची. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांना हे फार सोयीचं वाटलं. भाडं वर्षानुवर्षं वेळेवर येत राहिलं. बापानं पैसे गुंतवले, मग लेकानं गुंतवले.

मार्च 2018 मध्ये कंपनीनं दिवाळं जाहीर केलं. मिखाएल याफे नावाच्या वकिलांकडे कारभार गेला आणि त्यांनी पहिलं काम केलं ते मोजणीचं. कागदोपत्री लोकांना विकलेले कंटेनर होते सुमारे 16 लाख. प्रत्यक्षात सापडले सुमारे 6 लाख 18 हजार. उरलेले जवळपास 10 लाख कंटेनर जगात कुठंच नव्हते. 54 हजार लोकांचे 350 कोटी युरो त्यात अडकले. त्या वेळच्या दरानं हे अंदाजे 28 हजार कोटी रुपये होतात.

असं कसं झालं? 2008 च्या मंदीनंतर जगाचा व्यापार आटला, कंटेनरची भाडी उतरली. पण लोकांना कबूल केलेलं भाडं तेवढंच राहिलं. ही तूट नव्या ग्राहकांच्या पैशांतून भरली जात होती. जुन्याला मिळणारं भाडं म्हणजे नव्यानं भरलेली रक्कम. आणि नव्याच्या नावावर जो कंटेनर लागायचा, तो अनेकदा विकत घेतलेलाच नसायचा.

कंटेनरच्या दारावर त्याचा नंबर रंगवलेला असतो. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक आकडा. तो शेवटचा आकडा आधीच्या अक्षरांवरून आणि आकड्यांवरून गणित करून काढतात, म्हणजे नंबर लिहिताना झालेली चूक पकडता यावी. एवढी चोख व्यवस्था जगानं केलेली आहे. पण बहुतेक ग्राहकांच्या हाती नंबर लिहिलेलं मालकीचं प्रमाणपत्रच नव्हतं. नंबरच ठाऊक नाही, तर आपला कंटेनर शोधणार कुठं?

या लोकांना मी लोभी म्हणणार नाही. पैसा वेळेवर येत होता, म्हणून त्यांनी विश्वास ठेवला. पण वेळेवर येणारा पैसा म्हणजे वस्तू असल्याचा पुरावा नव्हे. आपल्याकडेही हेच घडलं आहे. पुण्याच्या समृद्ध जीवन कंपनीनं शेळ्या-म्हशींच्या नावावर पैसे गोळा केले; 2013 मध्ये सेबी या बाजार-नियामक संस्थेनं ती वसुली थांबवण्याचा आदेश दिला, तोवर कितीतरी घरं अडकली होती.

माझ्या आईनंही तेंदूच्या पैशांतून एका कंपनीकडून सागाची पाच झाडं घेतली होती. जन्म सागवनात गेलेली बाई. सालीवर हात फिरवून झाडाचं वय सांगायची. पण ती पाच झाडं तिनं कधी पाहिली नाहीत. कागदावर मात्र सागाचं सुंदर चित्र होतं. कंपनी गेली, कागद पेटीत राहिला.

म्हणून कळकळीनं सांगतो. वस्तू कुठं आहे, तिची ओळख काय, हे आधी विचारा. लोकांचे पैसे एकत्र करून अशी योजना चालवायला सेबीची नोंदणी लागते, ती तपासा. फसवणूक झालीच, तर लाजून घरात बसू नका. ठेवीदारांच्या रक्षणासाठी महाराष्ट्रात 1999 चा कायदा आहे, त्याखाली कंपनीची मालमत्ता जप्त होऊ शकते. पावत्या जपा आणि पोलिसांत तक्रार द्या. पी अँड आरचे जे कंटेनर खरोखर होते, ते भाड्यानं चालवून, विकून लोकांना थोडे थोडे पैसे परत मिळू लागले. जे खरं होतं, तेवढंच कामी आलं.

यंदाही फळीचे पैसे हाती येतील आणि कुणीतरी रंगीत कागद घेऊन तुमच्या ओसरीवर येईल. त्याला पाणी द्या, बसायला द्या आणि म्हणा, चला भाऊ, आधी झाडं दाखवा.