तपासणी नको, सोबत हवी

(धानोरा येथे आशा, गटप्रवर्तक आणि अंगणवाडी ताईंच्या बैठकीत केलेले भाषण)



नव्या बाईला कामावर घेतलं, थोडं प्रशिक्षण दिलं, हातात रजिस्टर दिलं, की ती तयार झाली असं मानतात. ती अडखळली की 'हिला जमत नाही' म्हणतात. तिच्या सोबत कोण होतं, हे कुणी विचारत नाही.

उदाहरण लांब शोधायला नको. आपल्याच तालुक्यात चातगावजवळ 'सर्च' संस्थेचं शोधग्राम आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या या संस्थेनं गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. घरी जाऊन बाळाचं वजन, ताप पाहणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणं हे त्या शिकल्या. १९९३ ते ९५ मध्ये या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती. १९९७-९८ मध्ये हा आकडा सुमारे २५ वर आला. हे संशोधन १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

आकडे सगळे सांगतात. कमी सांगितली जाते ती गोष्ट अशी, की प्रशिक्षणानंतर या बायकांना एकटं सोडलं नाही. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात येत, नोंदी पाहत, चुका दुरुस्त करत, पुन्हा शिकवत.

मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास म्हणजे धोका, हे पुस्तकात वाचता येतं. पण बाळ शांत होईपर्यंत थांबायचं, मग पूर्ण मिनिटभर मोजायचं, आणि सासू 'एवढं काय पाहतेस?' म्हणाली तरी डगमगायचं नाही, हे शेजारी बसलेल्या जाणत्या बाईकडूनच शिकता येतं.

२०११ पासून हे काम देशभर आशांकडे आलं. घरी बाळंतपण झालं तर ४२ दिवसांत सात भेटी, दवाखान्यात झालं तर सहा. आशाच्या पाठीशी उभं राहायचं काम गटप्रवर्तक ताईचं. पण तिचा दिवस अहवाल गोळा करण्यात जातो. मुरूमगावच्या बाजूला पावसाळ्यात नाले ओलांडून गावात पोचावं, तर रजिस्टर तपासून लगेच परतायची घाई.

समाजकार्याचं शिक्षण घेताना दर आठवड्याला मार्गदर्शकाशी एकटीनं बोलायचा वेळ आम्हाला ठरवून दिलेला असे. काय चुकलं, कशाची भीती वाटली, सगळं तिथं बोलता येई. शहरातल्या विद्यार्थिनीला जे मिळतं, ते जंगलातल्या गावात एकटीनं बाळ-बाळंतिणीचा भार वाहणाऱ्या आशाला का मिळू नये?

आणि जी ही सोबत देते तिचं काय? बायका बायकांना शिकवतात, धीर देतात, म्हणून ते 'स्वभाव' ठरतं, काम ठरत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, तेव्हा लढाई मानधनाची होती, तशीच या कामाला काम म्हणवून घेण्याचीही होती.

म्हणून तीन गोष्टी मागू या. नव्या आशाच्या पहिल्या काही गृहभेटींना अनुभवी ताई बरोबर असावी. महिन्याच्या बैठकीत आकड्यांआधी अडचणींना वेळ मिळावा. आणि सोबतीचे तास कामाचे तास म्हणून मोजून त्यांचा मोबदला मिळावा.

दुसरी मागणी तर आपल्याच हातात आहे. पुढच्या बैठकीपासून सुरू करू या.